पोटातली बातमी बाहेर कशी येते?

तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या तोंडाशी थांबते. खालून घातलेली मोठे आतडे तपासून परतते. मधले पाच-सहा मीटर लहान आतडे बहुतांशी या दोन्हींच्या टप्प्याबाहेर राहते. पोटात रक्तस्राव होतो आहे, पण कुठे ते सापडत नाही, अशा रुग्णांना गिळायच्या कॅमेऱ्याचा मोठा उपयोग होतो. मात्र कॅमेरा आत गेला म्हणजे काम झाले असे नाही. त्याने काढलेले चित्र शरीराबाहेरही आले पाहिजे.

आधी रेडिओ, मग कॅमेरा

गिळायचे प्रक्षेपक कॅमेऱ्याहून जुने आहेत. १९५७ मध्ये मॅके आणि याकोब्सन यांनी पोटातला दाब व तापमान रेडिओ लहरींनी कळवणाऱ्या गोळीचे वर्णन प्रसिद्ध केले. असे एकदोन आकडे पाठवायला फारशी वीज लागत नाही, चित्राला लागते. इस्रायली अभियंता गॅव्रिएल इदान आणि सहकाऱ्यांच्या कॅमेरा-कॅप्सूलची माहिती २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

कॅप्सूलच्या आत

लांबी २६ मिलिमीटर, जाडी ११ मिलिमीटर. एवढ्या जागेत भिंग, दिवे, कॅमेऱ्याची चिप, बटणासारखे सेल, प्रक्षेपक आणि अँटेना बसवलेले असतात. पहिल्या कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे काढत. सुमारे आठ तासांत ही संख्या ५० हजारांच्या घरात जाते. २५६ × २५६ ठिपक्यांच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला आठ बिट धरले, तर सेकंदाला दोन चित्रे म्हणजे दहा लाखांहून जास्त बिट झाले.

पाण्याचा अडथळा

शरीरात पाणी आणि क्षार भरपूर. लहरींची वारंवारता वाढत जाते तशी त्यांतली जास्त ऊर्जा ऊतींतच जिरते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना पोटातून बाहेर येणे जड जाते ते यामुळेच. वारंवारता फार कमी केली, तर लहरी सहज बाहेर येतात, पण अँटेना मोठा लागतो आणि चित्रे झपाट्याने पाठवता येत नाहीत. म्हणून पिलकॅमसारख्या कॅप्सूलांनी मधला मार्ग धरला: ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. हवेत या लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर असते. पाणीदार ऊतींत ती पुष्कळ आखूड होते, त्यामुळे इवल्याशा अँटेनावरही काम भागते.

पोटावरचे कान

रुग्णाच्या पोटावर अँटेना चिकटवतात किंवा अँटेना असलेला पट्टा बांधतात. कमरेला रेकॉर्डर असतो. कॅप्सूल उलटसुलट होत पुढे सरकते, त्यामुळे एका अँटेनाला संदेश क्षीण मिळाला तरी दुसरा तो पकडतो. कोणत्या अँटेनाकडे संदेश किती जोरकस आला, यावरून कॅप्सूल साधारण कुठे आहे याचा अंदाजही बांधता येतो. नंतरच्या पिलकॅममध्ये रेकॉर्डरही कॅप्सूलला सूचना देतो: वेग वाढला की सेकंदाला सहापर्यंत चित्रे, मंदावला की दोनच. तेवढी बॅटरी वाचते.

रेडिओ टाळणारे दोन मार्ग

कोरियातल्या मायरोकॅमने शरीरालाच तारेसारखे वापरले. कॅप्सूलच्या पृष्ठभागावरच्या विद्युत्अग्रांतून निघालेले क्षीण संकेत ऊतींतून त्वचेपर्यंत येतात आणि तिथले पॅड ते टिपतात. रेडिओ प्रक्षेपकाची वीज वाचल्याने अशी कॅप्सूल जास्त तास चालते. कॅप्सोकॅम तर काहीच पाठवत नाही. चित्रे स्वतःच्या मेमरीत साठवते. पट्टा आणि रेकॉर्डरची कटकट मिटते, पण शौचावाटे पडलेली कॅप्सूल जपून परत द्यावी लागते. प्रक्षेपण करणारी कॅप्सूल हरवली तरी बिघडत नाही, कारण चित्रे आधीच रेकॉर्डरमध्ये पोचलेली असतात.

रुग्णाने काय सांभाळावे?

तपासणीआधी काही तास उपाशी राहावे लागते. आतडे कुठे अरुंद झाले असेल, तर कॅप्सूल अडकू शकते. तशी शंका असल्यास डॉक्टर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देऊ शकतात. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये. पोट फुगले, दुखू लागले किंवा उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना कळवावे.