चहातील शांत जागृती : एल-थियानिन घ्यावे का?

मार्चअखेर किंवा दिवाळीचा हंगाम जवळ आला, की आपल्या पेढ्यांवर हिशेबाचे जागरण आणि चहाच्या फेऱ्या दोन्ही वाढतात. घरातील मुले सी.ए.च्या परीक्षेला बसलेली असतील, तर तोच क्रम त्यांच्या खोलीतही चालतो. चहाने झोप उडते खरी. पण चार-पाच पेल्यांनंतर छातीत धडधड, हाताला सूक्ष्म कंप आणि रात्री डोळ्याला डोळा न लागणे हेही ओघाने येते. नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे ‘एल-थियानिन’च्या गोळ्या व कॅप्सूल विकल्या जातात. मन शांत राहील आणि लक्षही विचलित होणार नाही, असे आश्वासन त्यांच्या डबीवर असते. हे आश्वासन कितपत खरे आहे, याचा हा लेखाजोखा.

थियानिन हे चहाच्या झाडात आढळणारे एक अमिनो आम्ल आहे. इ.स. १९४९ मध्ये जपानमधील क्योतो येथे याजिरो साकातो या संशोधकांनी ते ‘ग्योकुरो’ नावाच्या उंची हिरव्या चहातून वेगळे केले. या चहाची झुडपे खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे सावलीत झाकून ठेवतात. त्यामागचे कारण मोठे उद्बोधक आहे. थियानिन झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांकडे चढते आणि उन्हाच्या प्रभावाने त्याचा वापर कॅटेचिन ही तुरट द्रव्ये तयार होण्यात होतो. सावलीत हे परिवर्तन मंदावते; म्हणून पानात थियानिन टिकते आणि चहाला मऊ, गोडसर चव येते. जपानमध्ये चहाचे नाते चित्ताच्या सावधतेशी फार जुने आहे. एइसाई या बौद्ध भिक्षूंनी चहाच्या आरोग्यदायी गुणांवर १२११ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि ध्यानाच्या वेळी झोप येऊ नये म्हणून मठांत चहा घेतला जाई.

आता हे द्रव्य शरीरात काय करते ते पाहू. थियानिनची रचना ग्लुटामेट या मेंदूतील उत्तेजक संदेशवाहक द्रव्याशी मिळतीजुळती असते. पोटात गेल्यावर साधारण तासाभरात त्याचे रक्तातील प्रमाण सर्वोच्च होते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचू शकते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केवळ ५० मिलिग्रॅम थियानिन घेतल्यावर मेंदूतील अल्फा लहरी वाढलेल्या आढळल्या. मनुष्य जागा असूनही निवांत असतो, तेव्हा या लहरी ठळक असतात. थियानिन गुंगी आणत नाही, असे म्हणण्यास हा एक आधार आहे.

एकाग्रतेच्या बाबतीत मात्र एकट्या थियानिनपेक्षा कॅफिनच्या जोडीने घेतलेल्या थियानिनचा पुरावा अधिक चांगला आहे. कॅफिन मेंदूतील थकव्याचा संदेश रोखते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात २७ व्यक्तींना १०० मिलिग्रॅम थियानिन व ५० मिलिग्रॅम कॅफिन एकत्र दिले. तासाभरानंतर एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवण्याच्या चाचणीत त्यांचा वेग व अचूकता वाढली. दिवसभर गिऱ्हाईक, फोन आणि वही यांत लक्ष विभागणाऱ्याला या निष्कर्षाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. ताणाविषयी सांगायचे, तर जपानमध्ये ३० निरोगी प्रौढांना चार आठवडे रोज २०० मिलिग्रॅम थियानिन देऊन केलेल्या २०१९ च्या अभ्यासात झोपेच्या काही तक्रारी कमी झाल्या.

परंतु माल पारखणाऱ्याने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे प्रयोग लहान आहेत, परिणाम काही तासांचा व सौम्य आहे आणि काही प्रयोगांत चहाच्या व्यवसायातील कंपन्यांचा सहभाग होता. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून, थियानिनमुळे बुद्धीचे कार्य सुधारते, ताण हलका होतो किंवा झोप नीट राहते हा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्णय दिला. तेव्हा ‘काही उपयोग संभवतो’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

मग चहाच पुरेसा नाही का? एका मोठ्या पेल्यात थियानिन साधारण ५ ते २५ मिलिग्रॅम असते. गोळीत ते १०० ते २०० मिलिग्रॅम असते. तेवढे चहातून मिळवू पाहिले, तर त्यासोबत कॅफिन कितीतरी जास्त पोटात जाईल. चहा त्याच्या चवीसाठी आणि तरतरीसाठी प्यावा. प्रयोगातील मात्रेची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

आपल्या घरांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी अवश्य तपासाव्यात. पहिली, कॅप्सूलचे वेष्टन. अनेक कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे वेष्टन असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका असल्याशिवाय डबी घेऊ नये. दुसरी, मूळ. डबीवर चहाच्या पानाचे चित्र असले, तरी बाजारातील बरेचसे थियानिन पानातून काढलेले नसते. जिवाणूंपासून मिळवलेल्या एन्झाइमच्या साहाय्याने ते कारखान्यात तयार होते. ज्यांना हे आपल्या नियमांत बसते की नाही असा प्रश्न पडेल, त्यांनी उत्पादकाला लेखी विचारावे. तिसरी, वेळ. झोपेसाठी ते रात्री घेण्याचा सल्ला दिला जातो. चौविहार पाळणाऱ्यांना तो लागूच पडत नाही. त्यांना घ्यायचेच असेल, तर सूर्यास्तापूर्वी घ्यावे लागेल.

रक्तदाबाची, झोपेची किंवा मनाच्या आजाराची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. गर्भवती व स्तनदा माता तसेच लहान मुले यांना ते देऊ नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे द्रव्य प्रथमच घेऊन पाहणे तर सर्वथा अयोग्य.

उपवासात उठणाऱ्या डोकेदुखीसाठीही काही जण अशा गोळीकडे वळतात. रोजच्या चहातील कॅफिन एकदम तुटले, की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते. थियानिन हा त्यावरचा सिद्ध उपाय नाही. पर्युषणापूर्वी आठवडाभर रोज थोडा थोडा चहा कमी करत आणावा, म्हणजे शरीर सवय सोडते.

आणि ज्यांची धडधड व निद्रानाश दिवसाच्या सहाव्या पेल्यातून येतो, त्यांनी गोळीचा खर्च करण्याआधी दुपारनंतरचा चहा दोन आठवडे बंद करून पाहावा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास टिकतो. संध्याकाळचा पेला मध्यरात्रीपर्यंत आपला हिशेब मागत राहतो. एवढे करूनही मन अस्वस्थ राहिले, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे आणि मगच थियानिनचा विचार करावा.