पाठ टेकून सायकल

भोंगवलीहून हमरस्त्याकडं रोज सायकल मारणाऱ्या एखाद्या प्रौढ गृहस्थाला विचारून पाहा, "काय हो, दुखतं कुठं?" तो मान दाखवील, मनगट दाखवील, आणि तिसरी जागा सांगताना जरा ओशाळेल. या तीन दुखण्यांपायी पुष्कळ जण पन्नाशीच्या आतच सायकल पडवीत उभी करतात, ती कायमचीच. वयाला बोल लावण्यापूर्वी बैठक तपासावी, असं मला वाटतं.

नेहमीच्या सायकलीवर आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर. उरलेला भार पाय आणि तळहात घेतात. पुढं जितकं वाकाल तितकं मनगटावर ओझं, आणि समोर पाहायला मान वर करावीच लागते. यावर तोड म्हणून ज्या सायकली निघाल्या, त्यांना रिकम्बंट म्हणतात. हिच्यावर स्वार आरामखुर्चीत रेलल्यासारखा असतो, पायडल पुढं असतात, भार पाठीवर पसरतो. वाराही कमी अडतो. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या फ्रेंच स्वारानं शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर तोडले आणि १९१४ पासूनचा ऑस्कर एगचा उच्चांक मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघानं असल्या सायकलींना शर्यतीबाहेर काढलं! वेग नको म्हणून नव्हे. ही सायकलच नव्हे म्हणून.

पण भोर तालुका म्हणजे पॅरिसची धावपट्टी नव्हे. चढ आला की आपण पायडलवर उभे राहून अंगाचा भार टाकतो. रेललेल्या माणसाला ते कसं जमणार? हलका गिअर टाकून सावकाश चढायचं, आणि सावकाश चालवताना तोल सांभाळणं हिच्यावर अधिक अवघड. खड्डा दिसला तर बूड उचलता येत नाही, धक्का थेट पाठीत. शिवाय स्वार इतका खाली, की उसाच्या ट्रॉलीवाल्याला तो दिसावा तरी कसा?

सेमी-रिकम्बंट ही मधली वाट. सीट रुंद, पाठीला टेका, पण बसणं बरंच ताठ आणि उंच. पायडल किंचित पुढं. थांबताना बसल्याबसल्या पाय जमिनीला टेकतात, हे मोठंच सुख. वेग बेताचाच. आपल्या रस्त्यांना मी हीच पसंत करीन. मात्र दोन्ही प्रकार नेहमीच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, आणि चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

तोवर घरच्या सायकलीला पाना लावा. भिंतीला धरून बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहिला, तर सीट बोटभर वर घ्या आणि पुन्हा बसून पाहा.