टायर बदलण्याआधी अॅक्सल पाहा



गाळप हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीच्या ट्रेलरला उसंत नसते. फड, गाडीवाट, डांबरी रस्ता, वजनकाटा, गव्हाण आणि पुन्हा फड. अशात "नवा टायर टाकला अन् महिन्यात एका कडेनं साफ झाला" अशी तक्रार ट्रेलरमालकांकडून नेहमी ऐकू येते. बोल लावला जातो टायरला. पण पुष्कळदा दोष टायरचा नसून अॅक्सलचा असतो. तो काढला नाही तर पुढचा टायरही त्याच वाटेने जातो.

झिजलेला टायर स्वतःच रोग सांगतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. फक्त मध्य झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले तर बहुधा बेअरिंग ढिले. एकच कड झिजली, किंवा टायरवर आडवा हात फिरवताना एका बाजूने गुळगुळीत व उलट बाजूने करवतीसारखे लागले, तर अॅक्सल वाकल्याचा संशय घ्यावा.

अॅक्सल वाकला की दोन्ही चाके समांतर राहत नाहीत. चाकांमधले पुढचे व मागचे अंतर यांत 1 सेंटिमीटरचा फरक असेल, तर दर किलोमीटरला प्रत्येक टायर सुमारे 6 मीटर आडवा घासला जातो. 20 किलोमीटरच्या खेपेत 120 मीटर झाले. भरल्या उसाच्या वजनाखाली एवढे घासल्यावर रबर टिकणार कसे?

हा फरक घरी तपासता येतो. रिकामा ट्रेलर सपाट जागी उभा करा. हबच्या उंचीवर दोन्ही टायरच्या पुढच्या अंगाला मधोमध खडूने खूण करा व अंतर मोजा. ट्रेलर पुढे ढकलून त्याच खुणा मागे, त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. मापे जुळली नाहीत तर आधी बेअरिंगचा ढिलेपणा काढा व परत मोजा. तरीही फरक राहिला तर अॅक्सल वाकला आहे. तो गॅसने तापवून, घणाने ठोकून सरळ करू नका. त्याने पोलादाची ताकद जाते. प्रेसवर सरळ करून घ्या, नाहीतर बदला.

दुसरा दोष म्हणजे अॅक्सल जागेवरून सरकणे. यू-बोल्ट ढिले पडतात, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक बाजू मागे जाते. मग ट्रेलर तिरपा चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर असतील तर मागचा ट्रेलर रस्त्याची जादा जागा खातो. रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाही. इथे प्रश्न टायरचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

तपासण्यासाठी दोन चाकी ट्रेलरच्या दांडीची कडी व दोन्ही हब यांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा. कडीपासून दोन्ही हबचे अंतर सारखे हवे. चार चाकी ट्रेलरचा पुढचा अॅक्सल असाच मोजा. मागच्या अॅक्सलसाठी टर्नटेबलच्या मधल्या खिळीपासून मापे घ्या. सुताची दोरी ताणते, म्हणून टेप किंवा तार वापरा.

फरक निघाला तर चाकांना लाकडी ठोकळे लावा, ट्रेलर जॅकवर घेऊन खाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रेलरखाली शिरू नका. यू-बोल्ट सैल करा, सेंटर बोल्ट नवा घाला, त्याचे डोके अॅक्सलवरच्या भोकात नीट बसवा. मग यू-बोल्ट आलटून-पालटून सारखे आवळा. दोन-तीन भरल्या खेपांनंतर ते पुन्हा आवळावेत. हे राहिले की सगळी मेहनत वाया जाते.

बॉयलर पेटण्याआधी एक सकाळ या कामाला द्या. ऐन तोडणीत ट्रेलर बसला तर टायरचा खर्च होतोच, शिवाय तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजनात घट येते. ते नुकसान आपल्याच पदरी पडते.