यात्रेच्या गाडीत सिलिंडर कोणता?

सौंदत्ती किंवा पंढरपूरच्या यात्रेला निघणाऱ्या वडगाव, निपाणी परिसरातील गाड्यांत शिध्यासोबत गॅसची शेगडीही असते. सिलिंडर निवडताना मात्र घरातलाच उचलून गाडीत ठेवला जातो. 14.2 किलोचा हा सिलिंडर घरगुती वापरासाठीच असून भरल्यावर त्याचे वजन सुमारे 30 किलो होते. कुटुंबाच्या दोन-तीन दिवसांच्या स्वयंपाकाला 5 किलोचा सिलिंडर पुरतो. तो ओळखपत्रावर मिळतो. खाद्यपदार्थांच्या व्यावसायिक गाड्यांसाठी 19 किलोचा सिलिंडर असतो.

घेताना कड्याखालच्या पट्टीवरील चाचणीची मुदत पाहावी. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात. ‘बी-27’ म्हणजे जून 2027 पर्यंत.

हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास गाडीच्या तळाशी साचतो आणि एक ठिणगीही पुरते. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या उभ्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळे लागलेल्या आगीत नऊ जणांचा बळी गेला. रेल्वेत सिलिंडर नेण्यास मनाईच आहे. रस्त्याने नेताना रेग्युलेटर काढून, झाकण लावून, सिलिंडर उभा बांधावा. चूल मात्र गाडीबाहेर, मोकळ्या हवेतच पेटवावी.