कंपनीचा आणा, खरा आणि खोटा

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पथारीवर हमखास दिसणारा एक जाडजूड, काळपट तुकडा आहे. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुती, किंवा नुसती लक्ष्मी. दुसऱ्या बाजूला कमळ, 'ईस्ट इंडिया कंपनी', 'हाफ आणा' किंवा 'वन आणा', आणि साल १८१८. विकणारा आधी 'दोनशे वर्षं जुनं, ओरिजिनल' म्हणतो. गिऱ्हाईक जरा भाविक दिसलं की 'देवघरात ठेवा' म्हणतो आणि भाव चढवतो.

ज्या वर्षी पेशवाई बुडाली त्याच वर्षी कंपनीने रामदरबार छापून आणे पाडले, ही कल्पनाच गमतीची आहे. पण केवळ गंमत म्हणून ती बाद करता येत नाही. 'इंग्रज आपल्या नाण्यावर हिंदू देव कशाला घालतील?' असं अनेक जण ठामपणे विचारतात आणि तिथे फसतात. मद्रासकडच्या पॅगोडा नाण्यांवर कंपनीने विष्णू ठेवला होता, चांदीच्या पाव पॅगोडावर तर देवळाचं गोपुरही होतं. देव असणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

पुरावा आहे तो आण्यात आणि सालात. १८१८ साली मुंबई, बंगाल आणि मद्रास इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. इंग्रजीत 'हाफ आणा' लिहिलेलं तांब्याचं नाणं दिसतं ते १८३०च्या दशकात. सगळ्या इलाख्यांना एकच नाणं आलं १८३५च्या कायद्याने. तांब्याचा पुरा एक आणा तर कंपनीने कधीच पाडला नाही. आण्याचं नाणं निघालं १९०७ साली, कंपनीचं राज्य जाऊन जवळपास अर्धशतक झाल्यावर, आणि तेही निकेल मिसळलेलं. म्हणजे हा तुकडा कुठल्याही खऱ्या नाण्याची नक्कल नाही. मूळच नसलेल्याची ही प्रत आहे, त्यामुळे शेजारी ठेवून ताडून पाहायलाही काही मिळत नाही. काहींवर १६१६ साल असतं, तेव्हा तर पुढे बोलायची गरजच उरत नाही.

याला 'रामटंका' म्हणून खपवतात, तेही चुकीचं. रामटंके खरोखर होते, पण ते देवळातले आणि पूजेचे. त्यांच्यावर नागरी अक्षरं असत, कंपनीचं नाव नसे, आणि ते चलन असल्याचा दावाही कुणी करत नसे.

खऱ्या कंपनी नाण्याची पारख करायची तर ते कसं बनलं इथून सुरुवात करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये खोट्या अर्ध्या पेन्यांचा सुळसुळाट होता. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने त्यावर उतारा काढला तो वाफेच्या यंत्राचा: कड्यात अडकवून ठोकलेलं, पुरतं गोल, हजारांत एकासारखं एक नाणं, जे हाताने नक्कल करणाऱ्याला परवडूच नये. त्याच्या सोहो टांकसाळीने १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली. त्यांच्यावर एका बाजूला कंपनीचं गाठोड्यावरचं चिन्ह आहे, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्यात फारसी 'अदल', म्हणजे न्याय. पुढे मुंबईच्या टांकसाळीतही वाफेची यंत्रं बसली.

म्हणून वजन ही पहिली कसोटी: १८३५च्या पाव आण्याचं वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम, अर्ध्या आण्याचं त्याच्या दुप्पट. वापराने झिजून थोडं कमी भरेल, पण जास्त भरलं तर शंका घ्यावी. तांबं की पितळ, हेही घरी कळतं. बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. शुद्ध तांब्याचा पाव आणा असेल तर काटा ०.७२ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तेवढ्याच वजनाचं पितळ त्याहून थोडं जास्त दाखवतं. फरक इतका चिमुकला आहे की भाजीवाल्याचा काटा इथे चालत नाही.

मग भिंग. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची कड जमिनीतून सरळ उठते. ओतीव नाण्यात ती वितळल्यासारखी गोलसर होते, मोकळ्या जागेत बुडबुड्यांचे खड्डे राहतात, किनारीवर साच्याची रेघ सापडते किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. धातू निवताना आकसतो, म्हणून ओतीव नक्कल मुळापेक्षा किंचित लहानही भरते. रंगावर मात्र विसंबू नये. काळेपणा रसायनाने एका दुपारीत आणता येतो. झीज कुठे आहे ते पाहावं. ती उंचवट्यांवर हवी. खोलगट भागही तितकाच गुळगुळीत असेल तर ती वापराची झीज नव्हे.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हा समज सगळ्यात महागात पडतो. १८०९ साली 'अॅडमिरल गार्डनर' हे जहाज मद्राससाठीची तांब्याची कॅश नाणी घेऊन निघालं आणि इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं. १९८०च्या दशकात ती नाणी ढिगाने वर काढली. अस्सल, १८०८ची, आणि तरीही स्वस्त. उलट कंपनीच्या त्या बनावट आण्यावर लोकांनी लाखो घालवले आहेत, कारण 'राइस पुलर' नावाची फसवणूक. अशा आण्याचं वीज पडलेलं तांबं तांदळाचे दाणे ओढतं म्हणे. दाणा जागचा हलतो तो दाण्यात भरलेल्या लोखंडामुळे आणि जवळ लपवलेल्या चुंबकामुळे.

एकसारखेपणाचा निकष मात्र मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईपाशी येऊन उलटा होतो. शिवराई हाताने ठोकलेली, अनेक टांकसाळींत आणि अनेक वर्षं. तिच्यावर 'शिव' आहे तसं 'शीव' आणि 'सिव'ही आहे, 'छत्रपति' आहे तसं 'छत्रपती'ही. छाप सरकलेली, अक्षरं किनारीबाहेर गेलेली, कड फुटलेली. कंपनीच्या पाव आण्यावर असा वेडेपणा दिसला तर तो बाजूला ठेवावा. शिवराईत तो असायचाच. इथे संशय घ्यायचा तो सारखेपणाचा. एकाच ठशातून शेकडो शिवराया निघाल्या असतील, पण हातोडा दोनदा तसाच पडत नाही. छाप तितकीच डावीकडे सरकलेली, कड त्याच जागी फुटलेली, अशा दोन शिवराया एकाच पथारीवर दिसल्या, तर निदान एक तरी दुसरीच्या किंवा दोन्ही तिसरीच्या साच्यातून आलेल्या आहेत.