दीनियातचा तास आणि आजची शाळा

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असे की त्या तासाला वर्ग फुटायचा. मुसलमान मुले दीनियातला बसत, म्हणजे इस्लामची धर्मतत्त्वे शिकायला. बाकीची अख्लाकियातला, म्हणजे नीतिपाठाला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, पुढच्या वर्षी तेथे वर्ग भरू लागले आणि कॉलेजातही हीच रीत आली: मुस्लिम विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र सक्तीचे, इतरांना नीतिशास्त्र. तेव्हा सरसकट हिंदू मुलांच्या गळी कुराण उतरवले जात होते, असे आज कोणी सांगू लागले तर ते खरे नाही. धर्माचा पाठ ज्यांचा तो धर्म त्यांनाच होता आणि इतरांना त्यातून सूट होती. धर्मग्रंथ शाळेत सक्तीचा करावा म्हणणाऱ्यांनी आजवर जगभर जे आराखडे मांडले, त्यांत हा बराच सौम्य म्हणावा लागेल. म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे. सौम्य सक्तीचाच हिशेब जुळत नसेल, तर कडक सक्तीचा जुळण्याची आशा कशाला धरायची?

१९४१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्यांत मुसलमान साधारण आठात एक. जवळपास निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथा हिस्सा मराठी; औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाकडेच होते. या जिल्ह्यांतला मुलगा उच्च शिक्षणासाठी हैदराबादला गेला तर ते शिक्षण उर्दूतून. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग धाडसी होता, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण वेळापत्रकातल्या त्या एका तासाचे काय? हिंदू विद्यार्थी दीनियात शिकला नाही, तरी एक गोष्ट तो न शिकवता शिकला: सरकारला एक धर्म आहे आणि तो आपला नाही. दीनियातला बसणाऱ्या मुलाने त्याच तासात याची दुसरी बाजू शिकून घेतली. पाठ्यपुस्तकात काय छापले होते यापेक्षा, कोण कोणत्या खोलीत गेले याचा संस्कार जास्त खोल होता, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नव्हते त्यांनी आपल्या शाळा काढल्या. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेक वर्धिनी उभी केली, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले, औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन. पुढे सरकारने खासगी शाळेसाठी आगाऊ परवानगीची अट घातली, तेव्हा हाही मार्ग अरुंद झाला.

१९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’वरून जे पेटले, ते दीनियातविरुद्धचे आंदोलन नव्हते. पण त्या प्रकरणातला पेच आपल्या विषयाला लागून आहे. विद्यार्थ्यांचे म्हणणे, हा आमच्या प्रार्थनेचा भाग आहे. विद्यापीठाचे म्हणणे, ही प्रार्थना नव्हे, हे राजकारण. प्रार्थना कोणती आणि कोणती नाही, हे ठरवण्याची वेळ विद्यापीठावर आली. धर्माचा कारभार एकदा अंगावर घेतला की हे टळत नाही; आज एका विषयाला धर्म म्हणून मान्यता दिली, तर उद्या दुसऱ्याला ती नाकारावीच लागते. नाकारण्याची किंमत उस्मानियाने मोजली. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या नागपूरला गेलेल्या पिढीतलेच.

हैदराबाद १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले. त्यानंतर तीन महिने उलटायच्या आत, ७ डिसेंबरला, घटना समितीत शाळेतल्या धार्मिक शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. आजच्या राज्यघटनेतले ते २८ वे कलम. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते असले तर विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय सक्ती होणार नाही, असा त्याचा गाभा. डॉ. आंबेडकरांनी दिलेली कारणे भावनिक नव्हती, चक्क व्यवहारी होती. सर्वांच्या करातून गोळा झालेला पैसा एका धर्माच्या कामी लावता येत नाही. या देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की प्रत्येकाची सोय शाळेला करता येणार नाही. आणि जो तो धर्म मोक्षाचा खरा मार्ग आपल्याकडेच असल्याचे सांगत असल्यामुळे ते भांडण वर्गात आणणे शांततेला परवडणारे नाही. याच कलमामुळे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या कायद्यातली मुस्लिम विद्यार्थ्यांवरची धर्मशिक्षणाची सक्ती १९५१ च्या दुरुस्तीने गेली.

ही चर्चा होते तेव्हा सगळे लक्ष विद्यार्थ्याकडे असते. शिक्षकाचा विचार क्वचितच होतो. खरे तर आदेश निघतो तो त्याच्या नावाने. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांनी जून २०२४ मध्ये पाचवी ते बारावीच्या सरकारी शाळांत बायबल शिकवण्याचा हुकूम काढला, तो शिक्षकांना उद्देशून होता. त्याच देशात पेनसिल्व्हेनिया राज्याचा एक जुना कायदा होता: रोज शाळा भरताना बायबलमधली किमान १० वचने वाचायची, आणि तीही कोणतेही भाष्य न करता. न वाचणाऱ्या शिक्षकाला नोकरीवरून काढण्याची तरतूद त्या कायद्यात एके काळी होती. ज्याचा पेशाच उलगडून सांगण्याचा, त्याने तोंड उघडायचे पण समजावायचे नाही, ही अट कोणत्याही शिक्षकाला मान खाली घालायला लावणारी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली आठ विरुद्ध एक मतांनी हे वाचन घटनाबाह्य ठरवले. ओक्लाहोमाचा हुकूम तर वॉल्टर्स पदावरून जाताच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, नव्या प्रमुखांनी मागे घेतला. आपल्याकडे नाशिकच्या एका शाळेतला शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभा राहत असे, पण हात जोडत नसे. त्याला वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारण्यात आली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की हात जोडण्याची सक्ती करणे हा मूलभूत हक्काचा भंग आहे. नुसते हात जोडण्याची ही कथा, तर दीनियात, बायबल किंवा गीता श्रद्धेने शिकवण्याची सक्ती त्या शिक्षकावर कशी करणार? आणि श्रद्धा नसलेल्या शिक्षकाने ती आहे असे दाखवत शिकवले, तर त्यातून धर्माचे तरी काय भले होणार?

शिवाय ग्रंथ म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न बाहेरून दिसतो त्यापेक्षा बिकट आहे. १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात दंगली झाल्या, माणसे मेली, कॅथलिकांची चर्चे जळाली. कारणांच्या मुळाशी सरकारी शाळेतले बायबल होते. शाळेत प्रोटेस्टंटांचे भाषांतर वाचले जाई आणि कॅथलिकांना आपल्या मुलांसाठी आपले हवे होते. दोन्ही बाजू ख्रिस्तीच. अलीगढला आजही सुन्नी आणि शिया धर्मशास्त्राचे विभाग वेगळे आहेत. गीता शिकवायची म्हटली तर शंकराचार्यांची संन्यासपर, ज्ञानेश्वरांची भक्तीने भिजलेली, की टिळकांनी ‘गीतारहस्या’त मांडलेली कर्मयोगाची? महाराष्ट्रात या तिघांत वाद लागला तर मिटवायला शिक्षणाधिकारी बसवणार काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मराठीच्या पुस्तकात तुकोबांचे अभंग आहेत, ज्ञानेश्वरीच्या ओव्या आहेत, मग तेही काढायचे का? मुळीच नाही. हीच शंका घटना समितीतही निघाली होती. संस्कृत पाठशाळांत वेद, स्मृती, गीता शिकवतात त्यांचे काय, असे विचारले गेले. आंबेडकरांनी उत्तरात अभ्यास आणि मतप्रतिपादन यांत फरक केला. एखाद्या धर्माचा अभ्यास करणे वेगळे आणि त्याचे सिद्धान्त खरे म्हणून मनावर बिंबवणे वेगळे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास याच न्यायाने ग्राह्य धरला, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी माहिती देण्यास २८ वे कलम आड येत नाही असे म्हटले. व्यवहारात फरक ओळखायचा तर प्रश्नपत्रिका पाहावी. तुकोबांच्या अभंगावर प्रश्न येतो तो अर्थाचा, प्रतिमांचा, त्या काळाचा. विठ्ठलावर श्रद्धा नसलेली मुलगीही त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवू शकते आणि नास्तिक शिक्षकही तो जीव ओतून शिकवू शकतो. या कसोटीला उतरत असेल तर बायबलही खुशाल शिकवावे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे. त्याला वगळून मराठी वाङ्मयाचा इतिहास अपुरा राहतो. पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर किंवा रेव्हरंड टिळकांची कविता समजायची तर बायबलची ओळख लागतेच. आमच्या शाळा ही ओळख फारशी करून देत नाहीत, ही उणीव मी मान्य करीन.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार, आणि तो बहुसंख्येचा आहे. बहुसंख्य समाजाचा ग्रंथ म्हणजे त्या देशाची संस्कृती, तो शिकवण्यात धर्म कुठे आला? गुजरात सरकारने मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीतेची घोषणा केली तेव्हा हेच ऐकू आले. महाराष्ट्रात २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यातल्या गीतापठणाच्या सूचनेवरून वाद झाला तेव्हाही हेच. हैदराबादचा अनुभव इथे कामी येतो. दीनियातच्या काळात राज्यकर्त्यांचा धर्म अल्पसंख्याकांचा होता आणि हिंदू प्रजा म्हणत होती की सरकारी शाळेने एका धर्माची बाजू घेऊ नये. ते म्हणणे योग्य होते. पण ते केवळ ‘आमचा धर्म का नाही’ म्हणून योग्य असेल, तर ती न्यायाची मागणी नव्हती, पाळी येण्याची वाट पाहणे होते. आसाम सरकारने २०२० मध्ये कायदा करून सरकारी खर्चाने चालणाऱ्या मदरशांचे साध्या शाळांत रूपांतर केले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते उचलून धरले, आधार अर्थातच २८ व्या कलमाचा. या निकालाचे स्वागत करून दीड महिन्याच्या आत गीतेच्या घोषणेचेही स्वागत करणाऱ्यांनी हे कलम पुन्हा एकदा वाचलेले बरे. आणि हिंदुस्थानात खुद्द ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीही हा मोह आवरला होता. मद्रासचे गव्हर्नर मार्क्विस ऑफ ट्वीडेल यांनी १८४६ मध्ये सरकारी शाळांत बायबल लावण्याचा प्रस्ताव दिला. मद्रासच्या नागरिकांनी सभा घेऊन विरोध केला आणि कंपनीच्या संचालकांनी पुढच्याच वर्षी तो फेटाळला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने बायबल ग्रंथालयात ठेवले, वर्गात नाही.

धर्माशिवाय नीती कशी शिकवणार, असेही विचारले जाते. निजामाच्या शाळांनीच त्याचे उत्तर नकळत देऊन ठेवले आहे. धर्मग्रंथाविना नीती शिकवता येते हे त्यांना मान्य होते, म्हणून तर अख्लाकियातचा तास होता. मग तो सर्वांनी एकत्र बसून का केला नाही, एवढाच प्रश्न उरतो. अनेक कॉन्व्हेंट शाळांत आजही कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना ‘मॉरल सायन्स’ अशी विभागणी असते. खासगी अल्पसंख्याक संस्थेला आपला धर्म शिकवण्याची मुभा घटनेने दिली आहे, ती काढून घ्या असे माझे म्हणणे नाही. पण अशी शाळा मान्यताप्राप्त असेल तर संमतीची अट तिलाही लागू आहे, आणि प्रवेश अर्जाच्या गर्दीत कुठेतरी घेतलेली सही ही मोकळेपणाने दिलेली संमती मानणे मला कठीण जाते.

तेव्हा पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. मुलाचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि कोणत्या तासाला वर्ग धर्मावरून फुटतो का, हे पाहावे. खासगी शाळेत तसा तास असेल तर आपण संमती दिली आहे का, हे कागद काढून तपासावे आणि नको असेल तर तसे लेखी कळवावे. शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी असेल तर संमतीचा प्रश्नच येत नाही. ग्रंथ बायबल असो, कुराण असो की गीता, तेथे धर्मशिक्षणाचा तास घटनेला मंजूर नाही.