चक्कर : शब्द एक, कारणे अनेक

“चक्कर आली” एवढे सांगितले की आजार सांगून झाला, असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. मग औषधाच्या दुकानातून एक गोळी येते आणि बरे वाटले तर तीच महिनोन्महिने चालू राहते. कोणी मानेचा दोष समजून पट्टा बांधतो, कोणी अशक्तपणा समजून सलाईन लावून घेतो, तर कोणी ‘बाहेरचे’ समजून अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे वळतो. वस्तुतः चक्कर हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. त्याचे कारण कानात, रक्तात, हृदयात किंवा मेंदूत असू शकते. ते शोधण्याची पहिली पायरी डॉक्टरांच्या नव्हे, रुग्णाच्याच हाती असते. ती कोणती, हे समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना कळावे म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

तोल कसा सांभाळला जातो?

आपण उभे राहतो, चालतो, सायकल चालवतो तेव्हा मेंदूकडे तीन ठिकाणांहून बातमी पोहोचत असते : डोळ्यांकडून, पायांचे स्नायू व सांधे यांच्याकडून आणि आतल्या कानाकडून. प्रत्येक आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की हा द्रव हलतो आणि मेंदूला वळण्याची दिशा कळते. कानात पाणी सोडताना ते फार थंड किंवा फार गरम असेल तर रुग्णाला चक्कर का येते, याचा अभ्यास व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी केला. कानातील या यंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिन्ही ठिकाणांच्या बातम्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि आपल्याला चक्कर येते.

तीन प्रश्न

आपल्या भाषेत या त्रासाला अनेक शब्द आहेत. घर गरगर फिरते, डोळ्यांसमोर अंधारी येते, चालताना झोक जातो. यांतला योग्य तो शब्द डॉक्टरांना जरूर सांगावा. पण त्याहून महत्त्वाची आहेत तीन प्रश्नांची उत्तरे : चक्कर किती वेळ टिकते? ती कशाने सुरू होते? तिच्यासोबत आणखी काय होते?

अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर करताना सारे गरगरते आणि एका मिनिटाच्या आत थांबते. असे असल्यास बहुधा आतल्या कानातील कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. कानाच्या चक्करेचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण होय. यात मानेचा पट्टा उपयोगी नाही आणि गोळीने खडे जागेवर जात नाहीत. डॉक्टर रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत पाठवतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिला काही मिनिटे पुरतात, शस्त्रक्रिया लागत नाही आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. त्रास पुन्हा उद्भवल्यास तीच पद्धत पुन्हा करता येते.

चक्कर अर्ध्या तासापासून काही तास टिकत असेल आणि सोबत कानात आवाज होणे, कान भरल्यासारखा वाटणे व कमी ऐकू येणे असेल, तर मेनियरच्या आजाराचा विचार करावा लागतो. डोकेदुखी व प्रकाशाचा त्रास सोबत असेल तर अर्धशिशीचा संशय घेतात. अचानक सुरू होऊन दिवसेंदिवस राहणारी चक्कर कानाच्या नसेला सूज आल्याने असू शकते. यात उलट्या थांबवणारी गोळी पहिले दोन-तीन दिवस उपयोगी पडते. मात्र ती पुढे चालूच ठेवल्यास मेंदूला नव्याने तोल शिकायला उशीर लागतो. त्यानंतरचे खरे औषध म्हणजे शिकवलेले व्यायाम आणि चालणे.

आपल्या भागातील कारणे

उठून उभे राहताच अंधारी येत असेल तर रक्तदाब घसरत असण्याची शक्यता असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपात बांधकामावर राबणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी व मीठ घामावाटे निघून जाते. खिशात कांदा ठेवल्याने ते भरून येत नाही. पाणी, ताक, पन्हे, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी थोडे थोडे पीत राहावे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवाव्या, मनाने बंद करू नयेत. उपाशीपोटी अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

चालताना धाप लागून भोवळ येत असेल तर रक्त तपासून घ्यावे. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता पुष्कळ आढळते. शिवाय विदर्भात सिकलसेलचा प्रश्न जुना आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता. आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत आणि तरुणांनी लग्नाआधी तपासणी करून घ्यावी.

थांबू नये अशी वेळ

चक्करेसोबत बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एक वस्तू दोन दिसणे, हातपाय लुळा पडणे, आधाराशिवाय उभे राहता न येणे किंवा अचानक भयंकर डोके दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा कांदा हुंगवण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखून चक्कर आली, किंवा उन्हात अंग तापून माणूस बरळू लागला, तरीही हेच करावे.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला दूरवरून, रात्रभर प्रवास करून माणसे येतात आणि तासन् तास रांगेत उभी राहतात. तिथे कोणी भोवळ येऊन पडल्यास स्वयंसेवकांनी भोवतालची गर्दी हटवावी, त्याला सावलीत आडवे करावे व पाय थोडे उंच ठेवावे. त्याला लगेच उठवून बसवू नये आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटभरात शुद्ध न आल्यास रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू नसेल तर क्षणाचाही उशीर करू नये.

एरवी ज्यांना वारंवार चक्कर येते त्यांनी एक साधी वही ठेवावी. दिवस, वेळ, चक्कर किती मिनिटे टिकली, तेव्हा काय करत होतो, सोबत काय झाले आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे लिहावे. मेडिकल किंवा मेयोच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते व डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो. अशा वेळी ही वही फार कामी येते. घरातील वडीलधाऱ्यांना लिहिता येत नसेल तर शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे काम आपल्याकडे घ्यावे.